खाली गारवा, वर झळा

पुण्याच्या भुयारी मेट्रोत उकडत नाही. एप्रिलमध्ये दुपारी दोनला, ऊन मी म्हणत असताना, मंडईच्या स्थानकात शिरा. सरकता जिना संपेपर्यंत मानेवरचा घाम सुकायला लागतो आणि तिकिटांच्या मजल्यावर पाय ठेवेस्तोवर टोपी, स्कार्फ, गॉगल सगळं उतरलेलं असतं. भुयारी गाडीतला उन्हाळा कसा निभवायचा, हा प्रश्न त्यामुळे आपल्याला पडतच नाही. तो लंडनकरांचा प्रश्न. आपण तो बातमीत वाचायचा आणि ‘एवढ्याशा उन्हाला घाबरतात’ म्हणून हसायचं.

मला वाटतं, तो आपलाही प्रश्न आहे. फक्त तो गाडीत बसलेल्याचा नाही, स्थानकाच्या डोक्यावर बसलेल्याचा आहे. भुयारातली उष्णता नाहीशी होत नाही, तिला कुठेतरी जावं लागतं. ती वर जाते. आणि वर पथारीवाले, हमाल, रिक्षावाले, चौकातले वाहतूक पोलीस असतात. त्यांनी तिकीट काढलेलं नसतं, म्हणून खालच्या गारव्यावर त्यांचा हक्क नाही असं आपण न बोलता ठरवून टाकलंय. माझी मागणी साधी आहे. उन्हाळ्याच्या दुपारी भुयारी स्थानकांचा तिकिटाच्या फाटकाअलीकडचा भाग कुणालाही बसायला खुला असावा. तिथे बाकं असावीत, पिण्याचं पाणी असावं, स्वच्छतागृह असावं आणि ‘कुठे जायचंय?’ असं कुणी विचारू नये.

आधी लंडनचं बघू, कारण भुयारात उष्णता कशी वागते हे सगळ्यात नीट तिथेच कळतं.

तिथली बेकरलू लाइन १९०६ साली सुरू झाली तेव्हा उन्हाळ्यात गारव्यासाठी खाली या, अशी तिची जाहिरात होत असे. ती खोटी नव्हती. लंडनखालची चिकणमाती तेव्हा चौदा अंश सेल्सिअसच्या आसपास होती. मग शंभर वर्षं गाड्या धावल्या. दर स्थानकावर ब्रेक लागला, चाकं तापली, मोटारी तापल्या, माणसांच्या अंगांची ऊब त्यात पडली. हवेबरोबर थोडी उष्णता बाहेर गेली, बरीचशी भोवतीच्या मातीत मुरली. मातीनं काही दशकं मुकाट्यानं सोसलं आणि मग तीच गरम झाली. आज त्या खोल बोगद्यांभोवतीची माती वीस ते पंचवीस अंशांच्या घरात आहे. ज्या भिंती पूर्वी उष्णता शोषून घेत, त्या आता फारशी घेत नाहीत.

यावर एअर कंडिशनर बसवा, असं कुणीही म्हणेल. पण ते जुने बोगदे जेमतेम साडेतीन मीटर रुंद आहेत. गाडी आणि भिंत यांच्यात यंत्र बसवायला जागा नाही. आणि जागा केली तरी ते यंत्र डब्यातली उष्णता काढून टाकणार कुठे? त्याच बोगद्यात. लंडनच्या महापौरांनी २००३ मध्ये यावर उपाय सुचवणाऱ्याला एक लाख पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. सूचना ढिगानं आल्या, पण २००५ मध्ये बक्षीस कुणालाही न देता ती स्पर्धा गुंडाळावी लागली. जमिनीलगतच्या रुंद बोगद्यांतल्या मार्गांवर २०१० पासून वातानुकूलित गाड्या आल्या. खोल मार्गांवरचा प्रवासी मात्र अजून खिडकीतून येणाऱ्या गरम वाऱ्यावरच आहे. पिकॅडिली लाइनसाठी पहिल्यांदाच वातानुकूलित गाड्या तयार होत आहेत.

तोवर लंडनच्या प्रवाशाला दर उन्हाळ्यात सल्ला मिळतो: पाण्याची बाटली जवळ ठेवा, बरं वाटेनासं झालं तर पुढच्या स्थानकावर उतरा, दोन स्थानकांच्या मध्ये धोक्याची साखळी ओढू नका. शेवटचा सल्ला खरोखर मोलाचा आहे. बोगद्यात गाडी थांबली की मदत पोचायला वेळ लागतो, एकाला चक्कर आलेली असताना बाकीच्या शेकडो लोकांनाही त्याच कोंदट हवेत उभं राहावं लागतं. स्थानकावर माणसं असतात, बाक असतो, पाणी असतं. आपल्याकडेही एखाद्याला गाडीत गरगरलं तर हेच करावं. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पाऱ्यानं पहिल्यांदाच चाळिशी ओलांडली, तेव्हा तर अगदी गरज असेल तरच प्रवास करा, असं सांगण्यात आलं.

सल्ले चांगले आहेत. त्यांचा रोख मात्र बघा. शंभर वर्षं उष्णता साठवली व्यवस्थेनं, आणि बाटली बाळगायची प्रवाशानं. उन्हाळ्याच्या बाबतीत आपल्याकडचे सरकारी फलकही याच सुरात बोलतात: भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या बाईनं हा फलक वाचून नेमकं काय करायचं?

आता आपल्या जमिनीकडे येऊ. खोल जमिनीचं तापमान साधारणपणे त्या जागेच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीच्या जवळ असतं. पुण्याची ही सरासरी पंचवीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे लंडनची माती शंभर वर्षं तापून जिथे पोचली, तिथून आपल्या काळ्या पाषाणाची सुरुवात होते. फुकटात उष्णता शोषून घेईल अशी थंड जमीन आपल्याला मिळालेलीच नाही. म्हणून भारतात भुयारी मेट्रो म्हणजे यंत्रानं गार केलेली मेट्रो, हे ओघानंच आलं. कोलकात्यात १९८४ साली देशातली पहिली मेट्रो धावली ती पंख्यांच्या डब्यांनिशी. तिथे वातानुकूलित गाड्या २०१० मध्ये आल्या आणि शेवटची पंख्यांची गाडी निवृत्त व्हायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. त्यानंतरच्या शहरांनी हा टप्पा गाळला. पुण्यानंही गाळला, ते बरंच केलं.

आपला भुयारी टप्पा तसा छोटा. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट अशी पाच स्थानकं. जिल्हा न्यायालयाचं स्थानक सुमारे तेहतीस मीटर खोल, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक. वरच्या छतातून दिवसाचा उजेड खालपर्यंत यावा अशी त्याची रचना आहे. तिथून गाडी मुठेच्या पात्राखालून पेठांत शिरते. स्वारगेटपर्यंतचा हा शेवटचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. पाच स्थानकं एवढी खोल आणि एवढ्या गर्दीच्या जागी गार ठेवायची तर किती उष्णता उपसावी लागत असेल? नुसत्या माणसांचा हिशेब करू. शांत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर पडते. तीन डब्यांच्या भरलेल्या गाडीत साडेसातशे माणसं धरली तर झाले पंचाहत्तर किलोवॉट. घरातला दीड टनी एसी साधारण पाच किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे केवळ अंगांची ऊब काढायला असे पंधरा एसी लागतील. मोटारी, दिवे, खुद्द एसीची यंत्रं हे वेगळंच. त्यातल्या त्यात दिलासा एवढा की हल्लीच्या गाड्या ब्रेक लावताना वीज परत तारेत देतात. लंडनचे बोगदे तापवण्यात मोठा वाटा ब्रेकचा होता. त्यातला बराचसा आपल्याकडे वाचतो.

उरलेली उष्णता दोन वाटांनी वर येते. गाडीचा एसी ती बोगद्यात टाकतो आणि मोठाले पंखे तिला हवेच्या धुराड्यांतून बाहेर ढकलतात. स्थानकातल्या हवेची उष्णता पाण्यात उतरते, ते पाणी जमिनीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये जातं आणि तिथे त्यातला काही भाग वाफ होऊन उडतो, उरलेलं गार होऊन परत खाली. यात माठापेक्षा वेगळं काही नाही. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे हे इथे झकास चालतं, मुंबईच्या दमट हवेत ते तितकं जमत नाही. पण वाफ व्हायला पाणी लागतं, आणि एप्रिल-मे म्हणजे खडकवासल्याच्या साठ्याचे आकडे रोज पेपरात वाचायचे दिवस. आपण खाली ज्या गारव्यात उभे असतो, त्यात विजेइतकंच पाणीही गेलेलं असतं.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख कुणीतरी मेट्रोविरोधी म्हणून फिरवेल. पेठांमधला उकाडा मेट्रोमुळे वाढला, असं मी म्हणत नाही. लक्ष्मी रस्त्यावर तासभर उभं राहिलं तर कळतं की खरी झळ कुठून येते: दुचाकींच्या सायलेन्सरमधून, सिग्नलला गुरगुरणाऱ्या मोटारींतून, साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांनी बोळात लटकवलेल्या एसींच्या पाठींतून. एका प्रवाशामागे मेट्रो जेवढी उष्णता बाहेर टाकते, ती मोटारीच्या मानानं किरकोळ आहे. पण सराफाचा एसी सराफाचा आहे. मेट्रोचा गारवा लोकांच्या पैशांतून उभा राहिलाय, तिची वाफ लोकांच्याच रस्त्यावर सुटते, तर त्या गारव्याचा वाटा रस्त्यावरच्या लोकांना का नको?

रस्त्यावरचा माणूस नेमकं किती सोसतो, हे पेपरातल्या आकड्यावरून कळत नाही. पुण्याचं तापमान म्हणून जो आकडा छापून येतो तो शिवाजीनगरच्या वेधशाळेतला, आपल्या सिमला ऑफिसचा. तिथली नोंद जुनी आणि चोख आहे. ३० एप्रिल १८९७ ला पुण्यात ४३.३ अंश नोंदले गेले होते. पण तापमापक मोकळ्या आवारात, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. तसंच मोजलं पाहिजे, शास्त्राची ती अटच आहे. मात्र पेपरात एकोणचाळीस आलं म्हणजे सावलीत एकोणचाळीस. डांबरावर, टिनाच्या पत्र्याखाली, अंगावर थेट ऊन घेत बसलेल्याला जे लागतं ते त्या आकड्यात नाही.

मंडई स्थानकाच्या बाहेर पडून डाव्या-उजव्या हाताला बसलेल्यांकडे थोडा वेळ बघितलं की तो न छापलेला आकडा दिसतो. भाजीवर ओलं गोणपाट असतं. दर थोड्या वेळानं बाई डब्यातून पाणी घेऊन आधी मेथीवर शिंपडते, मग कोथिंबिरीवर, आणि हाताला जे ओलं राहील ते स्वतःच्या मानेवर फिरवते. भाजी आधी, आपण नंतर. सुकलेली जुडी कुणी घेत नाही. छत्री उन्हाबरोबर फिरवायची, छत्री फिरली की टोपली सरकवायची, टोपली सरकली की शेजारणीशी जागेवरून दोन शब्द. तहान लागली तरी पाणी जपून प्यायचं, कारण जास्त प्यालं तर जायचं कुठे? उन्हाळ्यात बायांना होणाऱ्या लघवीच्या त्रासाचं मूळ बऱ्याचदा या साध्या प्रश्नात असतं. आणि दहा-पंधरा पावलांवर सरकता जिना खाली चाललेला असतो, जिथे गारवा आहे आणि स्वच्छतागृहही आहे.

शरीराला दिवसभर गारव्यात बसायची गरज नसते. हवेचं तापमान अंगाच्या कातडीपेक्षा वर गेलं की उष्णता टाकायला घामाशिवाय दुसरी वाट उरत नाही. पाणी कमी पडलं की घाम कमी पडतो, आणि मग मळमळ, गरगरणं, पायांत गोळे, शेवटी उष्माघात. मधे अर्धा-पाऊण तास गार जागेत बसायला मिळालं, पाणी मिळालं, तर ही घसरण थांबते आणि माणूस पुन्हा उभा राहतो. अहमदाबादनं मे २०१० च्या भयंकर लाटेनंतर धडा घेतला आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. उन्हाच्या इशाऱ्याच्या दिवशी गार सार्वजनिक जागा लोकांसाठी खुल्या ठेवणं हा त्या विचाराचा भागच आहे. आपल्याकडे अशी जागा बांधायचीही गरज नाही. ती बांधून, दिवे लावून, गार करून तयार आहे.

वेळ कोणती? शास्त्र म्हणेल बारा ते पाच. पण पुण्यात ‘एक ते चार’ला जे वजन आहे ते दुसऱ्या कुठल्या वेळेला नाही. दुकान एक ते चार बंद ठेवणाऱ्या पुणेकराची आजवर यथेच्छ टिंगल झाली. मला तर त्याच्यात या हवेची उत्तम जाण दिसते. उन्हाच्या कडाक्यात माणसानं दमानं घ्यावं, हे त्याला कळत होतं. फरक इतकाच की घर दुकानाच्या मागे किंवा माडीवर असलेल्याला एक ते चार बंद ठेवता येतं, पथारीवाल्याला येत नाही. दुकानं एक ते चार बंद, तर स्थानकं एक ते चार सर्वांना खुली, असं ठरवायला काय हरकत आहे?

हरकती येतील, आणि त्यातली पहिली खर्चाची. मेट्रो आधीच तोट्यात, त्यात हे फुकटे कशाला? तर खर्च काढू. शंभर माणसं येऊन बसली, तर त्यांची दहा किलोवॉट उष्णता. मोठी शीतयंत्रणा एक युनिट विजेत साधारण चार युनिट उष्णता बाहेर काढते. म्हणजे अडीच किलोवॉट वीज. तीन तासांचे झाले साडेसात युनिट. माणसं वाढली की बाहेरची हवाही जास्त आत घ्यावी लागते आणि तीही गार करावी लागते, म्हणून हा आकडा सरळ तिप्पट करू, वर थोडे टाकू: पंचवीस युनिट. युनिटला दहा-बारा रुपये धरले तरी एका स्थानकाचा दुपारचा विजेचा खर्च तीनशे रुपयांपलीकडे जात नाही. एवढ्यात पेठेत दोन माणसांचं बरं जेवण होतं.

दुसरी हरकत तोंडावर कुणी घेणार नाही, पण मनात तीच असेल: ‘कसली कसली माणसं येऊन बसतील.’ येतील की. हमाल येतील, बोहारणी येतील, घरपोच जेवण पोचवणारी पोरं हेल्मेट काखेत मारून येतील. सदाशिव पेठेतल्या पत्र्याखालच्या अभ्यासिकेत भाजून निघणारे स्पर्धा परीक्षेवाले जाडजूड पुस्तकं घेऊन येतील आणि सगळ्यात चांगली बाकं तेच अडवतील, याबद्दल मला शंका नाही. स्वारगेटला मे महिन्यात लग्नाला निघालेली कुटुंबं एसटीची वाट बघत बॅगा, पिशव्या, झोपलेली पोरं घेऊन बसतील. कचरा होईल, तो झाडावा लागेल. त्यासाठी एक माणूस जास्त लागेल, आणि त्याचा पगार विजेपेक्षा मोठा खर्च ठरेल हे मान्य. याच शहरात हमाल पंचायतीनं सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, कष्टकऱ्याला स्वस्तात, मानानं जेवता यावं म्हणून. तेव्हाही ‘हे कसं परवडेल’ म्हणणारे असणारच.

आणि ही हरकत जिथे घेतली जाईल ते ठिकाण तरी बघा. महात्मा फुले मंडई. १८८६ सालची ती इमारत स्वतःच हवेशीर बांधणीचा धडा आहे: उंच छप्पर, मधला अष्टकोन, चारी बाजूंनी वारा. ज्यांचं नाव तिला आहे, त्या जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. तो वाडा तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. पुण्यात हौदांना कमी नव्हती. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून बांधीव नळानं शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं होतं, वाटेत हौद होते, आणि नळात कोंडणारी हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागी उच्छ्वास बांधले होते. जमिनीखाली काही न्यायचं तर त्याला वर श्वास सोडायला जागा ठेवावी लागते, हे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना पक्कं ठाऊक होतं. पाणी खालून सगळ्यांच्या पायांखालून जात होतं. हौदावर कुणी यायचं आणि कुणी नाही, हे मात्र वर ठरत होतं.

तिसरी हरकत मला खरोखर महत्त्वाची वाटते: आग लागली किंवा पळापळ झाली तर? भुयारी स्थानक किती माणसं किती मिनिटांत रिकामं करता येतं, यावर त्याची सगळी रचना उभी असते. त्यात भर टाकताना बेफिकिरी चालणार नाही. म्हणून मी फलाटाचं नाव काढलेलं नाही. फक्त वरचा, तिकिटांचा मजला. बसणाऱ्यांचा आकडा ठरलेला. बाकं अशी की जिन्याच्या आणि फाटकाच्या वाटेत येणार नाहीत. संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत जागा मोकळी. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात दोन मार्गांची अदलाबदल चालते, तिथे अग्निशमन दलानं नको म्हटलं तर नको. मंडई आणि स्वारगेटपासून सुरुवात करावी, कारण उन्हात राबणारे तिथेच सगळ्यात जास्त आहेत.

स्थानकाबाहेरचं काय, हेही ओघानं येतं. गारव्यातून वर आलेल्याला पुढची दहा मिनिटं पीएमपीच्या थांब्यावर काढायची असतात. २०१९ पासून पुण्यात वातानुकूलित इलेक्ट्रिक बस आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण बस येईस्तोवर माणूस स्टीलच्या तापलेल्या बाकाशेजारी उभा असतो, कारण त्या बाकावर बसवत नाही. स्टीलऐवजी लाकडी पट्ट्या आणि पत्र्याऐवजी झाड, यासाठी कुठल्या परदेशी सल्लागाराची गरज नाही.

यंत्रणेकडूनही थोडं मागायला हवं. पुण्याची एप्रिलमधली दुपार अडतीस-एकोणचाळीसला टेकते, पण पहाटे पारा एकवीस-बावीसवर येतो. हा फरक लंडनच्या उन्हाळ्याला लाभत नाही आणि मुंबईला तर मुळीच नाही. रात्री गाड्या थांबल्यावर पहाटेची गार हवा बोगद्यात खेळवून दिवसभराची उष्णता काढून टाकली, तर सकाळी यंत्रांवरचा बोजा कमी होईल आणि कातळात उष्णता मुरण्याचा वेगही. आज आपले बोगदे कोरे आहेत. लंडनची चूक एका वर्षात झालेली नव्हती; ती हळूहळू साठत गेली. लंडननं नंतर त्यातूनही शहाणपण काढलं: इझलिंग्टनमध्ये २०२० पासून नॉर्दर्न लाइनच्या एका जुन्या हवेच्या धुराड्यातली गरम हवा वापरून हजाराहून अधिक घरांना ऊब पुरवली जाते. आपल्याला घरं ऊबदार करायची नाहीत, पण रुग्णालयांना बारा महिने गरम पाणी लागतं, आणि कसबा पेठेच्या स्थानकापासून महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय काही लांब नाही. जमेल का ते अभियंत्यांनी बघावं. बघायला तरी सांगावं.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण स्वारगेट ते कात्रज. साडेपाच किलोमीटरच्या आसपासचा तो पूर्ण भुयारी मार्ग आहे, त्याचं भूमिपूजन स्वारगेटच्या मार्गाबरोबरच २९ सप्टेंबर २०२४ रोजी झालं. तिथे फलाटाला छतापर्यंत काचेचे दरवाजे हवेत, मुंबईच्या भुयारी मेट्रोत किंवा चेन्नईत आहेत तसे, म्हणजे गाडीनं बोगद्यात टाकलेली उष्णता स्थानकात शिरत नाही आणि गारव्याचं बिल घटतं. हवेच्या धुराड्यांची तोंडं पादचाऱ्याच्या नाकासमोर नकोत, शाळेच्या भिंतीकडे नकोत. उंच आणि मोकळ्या बाजूला हवीत. कूलिंग टॉवरला पिण्याचं पाणी न वापरता शुद्ध केलेलं सांडपाणी वापरावं. आणि फाटकाअलीकडच्या भागात शंभर जणांच्या बसण्याची, पाण्याची, स्वच्छतागृहाची सोय मूळ आराखड्यातच धरावी, नंतर जाहिरातींचे गाळे मांडून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात नको.

मंडई आणि स्वारगेटला मात्र आराखड्याची वाट बघायचं कारण नाही. तिथे बाकं आणायची आहेत, दोन नळ बसवायचे आहेत, आणि दारावरच्या सुरक्षारक्षकाला लेखी द्यायचं आहे की एक ते चार कुणालाही उठवायचं नाही.